उन्हाकडची बाजू

खोली बघायला आलेल्या माणसानं आधी नळ सोडून बघावा, मोरी बघावी, भिंतीला ओल आहे का ते बघावं. ही बाई आली ती थेट पश्चिमेच्या खिडकीपाशी गेली आणि काचेला हात लावून उभी राहिली. तळहात नाही, हाताची मागची बाजू, पोराला ताप आहे का बघतो तशी. सोलापूरचा एप्रिल चालू होता आणि दुपार कलली होती. बऱ्याच वेळानं माझ्याकडं वळून म्हणाली, "मावशी, खोली मला पाहिजे."

मी म्हटलं, "अवो, संडास खाली हाय, पाणी चार दिवसाला येतंय. ते तरी इचारा की."

"पाण्याचं तुम्ही सांगाल. उन्हाचं मी बघितलं."

आमच्या वरच्या खोलीत उन्हाळ्यात भाडेकरू टिकत नसे. ही बाई उकाड्यासाठीच आली होती. चाळिशी ओलांडलेली, एकटी, केस पुरुषासारखे कापलेले, पायात कायम पुरुषी सँडल. गल्लीतल्या बायकांनी पहिल्या आठवड्यातच ठरवलं की हिच्या डोक्यात काहीतरी सैल आहे. मी चौथी शिकलेली बाई, मला ते लगेच पटलं. नंतर मत बदललं, पण फार नाही.

तिचं काम असं होतं की एखादी इमारत बांधायच्या आधी ती कॉम्प्युटरमध्ये उभी करायची. भिंती, छत, खिडक्या, सगळं. मग त्या इमारतीवर त्या गावचा सूर्य सोडायची आणि कुठल्या खोलीत किती उष्णता साठते ते बघायची. "इमारत उभी राहण्याआधी मी तिला वर्षभर उन्हात ठेवते," असं सांगायची. पुण्याहून, हैदराबादहून तिला कामं येत. तिथंच का राहत नाही विचारलं तर म्हणायची, तिथलं ऊन लेचंपेचं आहे.

एकदा तिनं माझंच घर त्या पडद्यावर दाखवलं. वरची खोली लालभडक होती. तिनं खिडकीची काच बदलली, म्हणजे दोन-चार बटणं दाबली, तर खोली पिवळी झाली. मी विचारलं, "आता वर गार झालं व्हय?" ती हसली नाही. हसण्यासारखं काही असलं तरी ती हसत नसे. प्रत्येक काचेचा स्वभाव वेगळा, म्हणाली. कुठली सूर्याची उष्णता जास्त आत सोडते, कुठली कमी. कुठली बाहेरची हवा तापली की लगेच तापते, कुठली उशिरा. स्वभाव चुकीचा भरला तर कॉम्प्युटर खोटी खोली दाखवतो. मी म्हटलं, उजेड आणि ऊन एकच की, एक आलं की दुसरं येणारच. तर म्हणाली, "एकत्र येतात, पण चाळता येतात." हे मला कळलं. पीठ आणि कोंडा एकाच दळणातून पडतात.

गच्चीवर तिनं विटांचे छोटे छोटे खोके बांधले होते, एकेकाला वेगळ्या काचेचं झाकण आणि आत तापमापक. मी एका खोक्यात मिरच्या वाळत घातल्या. त्या दिवशी ती पहिल्यांदा माझ्यावर ओरडली. मिरच्या वाफ सोडतात आणि सगळं माप बिघडतं, म्हणे. मिरच्या मात्र झकास वाळल्या होत्या.

तिला घेऊन बाजारात जाणं म्हणजे शिक्षा. नवी पेठेत एकदा साडीच्या एका नव्या दुकानात गेलो. मी साड्या बघतेय तोवर हिनं पर्समधून मेणबत्तीचा तुकडा काढला, पेटवला आणि दर्शनी काचेसमोर धरला. दुकानदार गादीवरून उठला. ही शांतपणे मला म्हणते, "मावशी, ज्योती मोजा." काच दुहेरी होती, मध्ये पोकळी. एका काचेला दोन अंगं, म्हणून ज्योती चार दिसत होत्या, एकामागं एक. तीन पिवळ्या आणि एक लालसर. "ती लालसर आहे ना, त्या अंगाला लेप आहे. डोळ्याला दिसत नाही. उष्णता तोच परत पाठवतो. आतून मोजलं तर तो तिसरा पाहिजे, म्हणजे बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला. तो दुसरा आला तर काच उलटी बसली. मग ऊन आतल्या काचेपर्यंत येऊन तिलाच तापवतं, आणि ती खोलीला तापवते." दुकानदारानं आम्हाला साडी दाखवायचं बंद केलं.

तिच्या स्वतःच्या खिडकीला तिनं नवी काच बसवून घेतली, ती रशीदभाईकडून. रशीदभाईंचं नवी पेठेच्या मागच्या बोळात काचेचं दुकान. वयानं माझ्या बरोबरीचे, हात सगळे कापलेले, बोलणं कमी. काचेवर कंपनीचा कागद चिकटवलेला असतो. तो उन्हाच्या बाजूला राहिला आणि दोन दिवसांत असा भाजून चिकटला की निघेना. हिनं ब्लेडनं खरवडला तर काचेवर ओरखडे आले. मग रशीदभाईंना बोलावून जिन्यातच, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलली. "सोलापुरात कागद उन्हाकडं ठेवतात का? इतकी वर्षं काम करता ना? इथून पुढं कुठंही काच बसवा, कागदाची बाजू आत. कायम आत."

रशीदभाईंनी ब्लेड खिशात घातलं. "बरोबर हाय, म्याडम. ध्यानात ठेवतो."

आता आमच्या मालकांचं, माझ्या नवऱ्याचं सांगते, कारण पुढची गोष्ट त्यांच्या जिवाची आहे. त्यांची दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. डॉक्टर म्हणायचे तीनदा पाहिजे, पण दवाखान्यात खाटा नव्हत्या. डायलिसिसची खोली जुनी, वर पत्रा. उन्हाळ्यात त्या खोलीत माणूस घामानं भिजायचा, रक्ताचा दाब खाली यायचा आणि सिस्टर मशीन बंद करायची. अर्धं काम झालेला माणूस घरी आणायचा. पाय सुजलेले, आडवं झालं की दम लागायचा. असं चालू राहिलं तर किती दिवस काढतील, हे मी डॉक्टरांना विचारलं नव्हतं. विचारून काय करणार होते?

त्याच दवाखान्यात दुसऱ्या मजल्यावर नवा डायलिसिस वॉर्ड होत होता. पश्चिमेला पूर्ण काचेची भिंत. कुठली काच घालायची आणि किती मोठा एसी लागेल, हा हिशेब आमच्या या बाईनंच करून दिला होता. काच रशीदभाईंनी बसवली. आठवड्यातली तिसरी पाळी मालकांना मिळणार, खिडकीजवळची खाट, हे डॉक्टरांनी मला शब्द देऊन सांगितलं होतं. वॉर्ड उघडला की लगेच.

उघडायच्या आठवड्यात एसी लावून बघितले तर दुपारनंतर वॉर्ड तापायला लागला. एसीवाल्यानं हात झटकले, माप या मॅडमनी दिलं, मी तेवढा बसवला. डॉक्टरांनी हिला फोनवर काय सांगितलं ते मला जिन्यात ऐकू आलं, कारण तिनं फोन कानापासून लांब धरला होता. तुमच्या कॉम्प्युटरवर विसंबलो ही माझी चूक, असं ते म्हणत होते.

दिवसभर ती खोलीतून बाहेर आली नाही. मी भाकरी ठेवून आले, ती तशीच वाळली. तिनं वॉर्ड पुन्हा पहिल्यापासून कॉम्प्युटरमध्ये भरला, भिंत न भिंत. दर वेळी उत्तर तेच, खोली गार राहायला पाहिजे. संध्याकाळी खाली आली आणि म्हणाली, "मावशी, माझ्याबरोबर दवाखान्यात चला. मी काच बघेन, मेणबत्ती धरायला कोणीतरी पाहिजे."

मीही निघालेच होते. मला खाटेचं विचारायचं होतं.

वॉर्ड रिकामा होता, खाटांवर प्लास्टिक होतं. वॉचमननं काडी पेटवायला मनाई केली. मग माझ्याकडं बघितलं, मेणबत्तीकडं बघितलं, आणि उघडण्याआधीची पूजा असेल असं वाटून चपला काढून बाजूला उभा राहिला. आम्ही त्याला काही सांगितलं नाही. बाहेर अंधारून येत होतं. आधी तिनं काचेला हाताची मागची बाजू लावली. सूर्य बुडाला होता तरी काच उतरवलेल्या तव्यासारखी होती. मग मी ज्योत धरली.

"मोजा," ती म्हणाली.

पहिली पिवळी. दुसरी लालसर.

तिनं दुसऱ्या काचेपाशी नेलं, तिसऱ्या, शेवटच्या. सगळीकडं दुसरीच लालसर. मेण माझ्या बोटावर गळत होतं. तिनं फुंकर मारली आणि खाटेच्या कडेला बसली. "सगळी भिंत उलटी बसवली आहे," म्हणाली. "उद्या डॉक्टरांना सांगते. सगळ्या काचा काढून फिरवाव्या लागतील."

"मग वॉर्ड?"

"थांबेल."

आम्ही जिना उतरलो. खाली आल्यावर तिचा दंड धरला. मी कुणाला हात लावत नाही, पण धरला. "बाई, तुमी आठवडाभर गप बसा. एकदा वॉर्ड उघडू द्या, आमच्या माणसाला खाट मिळू द्या. मंग काय त्या काचा फिरवायच्या त्या फिरवा. तुमचं काय जातंय?"

"त्या खाटेवर त्यांना घाम आला की दाब पडणार. दाब पडला की सिस्टर मशीन बंद करणार. मग ती खाट घेऊन काय करणार तुम्ही?"

"पडदे लावतील."

"ऊन काचेतून आत आलं की आलं. पडद्याआड लपवलं तरी खोलीतच राहतं."

"तुमाला नवरा न्हाय, म्हणून बोलताय."

"हो," ती म्हणाली. "नाही." आणि रिक्षा थांबवली.

दुसऱ्या दिवशी मालकांची पाळी होती. त्यांना मशीनला जोडल्यावर मी वर गेले. वॉर्डात डॉक्टर होते, ही होती आणि बोलावून आणलेले रशीदभाई होते. डॉक्टर वाईट माणूस नव्हेत, पण त्या दिवशी त्यांचा आवाज चढला होता.

"रशीदभाई, काचेवरच्या कागदावर बाण होता ना? ही बाजू सूर्याकडं म्हणून?"

"व्हता, साहेब."

"वाचता येतं ना तुम्हाला?"

"येतं."

"मग?"

रशीदभाईंनी हिच्याकडं एकदा बघितलं आणि नजर फरशीकडं नेली. जिन्यातलं ते बोलणं मला तेव्हाच आठवलं. कागदाची बाजू आत, कायम आत. मी हिच्याकडं बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिलाही त्या क्षणीच आठवलं असणार.

"इथून पुढं दवाखान्याच्या फाटकात पाय ठेवायचा नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि गावात कोण तुम्हाला काम देतं तेही बघतो."

रशीदभाई वळले. दारापर्यंत गेले. मला वाटलं, आता ही गप्प बसणार. बसली असती तर तिचं काहीच बिघडणार नव्हतं. तिचा हिशेब बरोबर होता, काच बरोबर होती, चूक बसवणाऱ्याची. जिन्यातलं ते ऐकलेले वॉर्डात रशीदभाई आणि मीच होतो, आणि माझं तोंड उघडायला मला काही कारण नव्हतं.

"थांबा, रशीदभाई," ती म्हणाली. "डॉक्टर, त्यांना मी सांगितलं होतं. कागद उन्हात भाजतो, म्हणून कागदाची बाजू कायम आत ठेवा, असं मी चार लोकांत ओरडून सांगितलं होतं. ते साध्या काचेपुरतं खरं होतं. या काचेला कागद म्हणजेच उन्हाकडची बाजू. ते मी बोलले नाही."

"तुम्ही दिलेल्या कागदांत काय लिहिलं होतं?"

"कागदांत बरोबर लिहिलं होतं. माणूस ऐकलेलं धरतो."

"म्हणजे चूक तुमची."

"माझी."

डॉक्टर काचेपाशी गेले. मग म्हणाले, जाड पडदे लावून वॉर्ड उघडू, काचा पावसाळ्यानंतर बघू. माझा जीव भांड्यात पडला. ही म्हणाली, "काचेला हात लावा. आत्ता अकरा वाजलेत, ऊन अजून पलीकडं आहे. आत्ता लावा, आणि चार वाजता परत लावा."

चार वाजता मी मुद्दाम तिथंच होते. डॉक्टरांनी हात लावला आणि झटकन काढून घेतला. बोटं दुसऱ्या हातात धरून त्यांनी खिडकीजवळच्या खाटेकडं बघितलं. पडद्याचं नाव नंतर कुणी काढलं नाही. वॉर्ड लांबला.

परांची बांधली गेली. एकेक काच उतरवायची, फिरवायची, परत बसवायची. रशीदभाईंनीच केलं. ती रोज उन्हात टोपी घालून खाली उभी. काच उतरली की मेणबत्ती लावून बघायची आणि जे अंग आता बाहेर जायचं त्यावर काळ्या शाईनं मोठ्या अक्षरात लिहायची, 'ऊन'. तेवढं अक्षर बाहेर गेलं की काच सुलटी. सुरुवात खिडकीजवळच्या खाटेपासून करा, हे तिनंच सांगितलं होतं. तीच काच काढताना फुटली. नवी यायची होती, तोवर तिथं प्लायवुड ठोकलं.

त्या दिवसांत मी तिला रोज द्यायचे तो चहा बंद केला. जुन्या खोलीत मालकांची मशीन दोनदा मध्येच थांबली. दुसऱ्यांदा त्यांना रिक्षातून उतरवताना त्यांचे डोळे फिरले. मी आणि रिक्षावाल्यानं उचलून आत घेतलं. ती वरून खाली आली, दारात उभी राहिली. मी ये म्हटलं नाही. तरी आत आली, खाली बसली, त्यांच्या पायावर अंगठा दाबला आणि खड्डा किती वेळ राहतो ते बघत बसली. खड्डा राहिला. ती उठून वर गेली. तिच्या चालण्याचा आवाज नंतर कितीतरी वेळ येत होता, खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. मला बरं वाटलं. झोप मलाही नव्हती.

मालक मला म्हणाले, "तिच्याशी बोल की गं."

मी म्हटलं, "तुमी आधी जगा, मंग बोलते."

नवी काच आली, तिच्यावरही तिनं 'ऊन' लिहिलं. रशीदभाईंनी ती स्वतः खांद्यावरून नेली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. वॉर्ड उघडला, नारळ नाही, फीत नाही. मालकांना तिसरी पाळी मिळाली. त्या दिवशी मी चहा घेऊन वर गेले. ती म्हणाली, साखर जास्त झाली. मी म्हटलं, जास्तच घातली आहे.

डॉक्टरांनी पुढच्या इमारतीचं काम तिला दिलं नाही. गोष्ट पसरली. लेपाची काच उलटी बसवून घेणारी बाई, असं तिचं नाव पडलं. पुण्याचे फोन कमी झाले, मग थांबले. तिनं कधी कुणाला समजावून सांगितलं नाही की हिशेब बरोबर होता. पावसाळ्यात ती खोली सोडून गेली, कुठं ते नीट सांगितलं नाही, फक्त जास्त उन्हाचं गाव आहे म्हणाली. गच्चीवरचे विटांचे खोके तसेच आहेत. मी त्यांत मिरच्या वाळवते.

पुढच्या एप्रिलमधली एक दुपार सांगते आणि थांबते. मालक खिडकीजवळच्या खाटेवर होते, मशीन चालू होती. एकाएकी वीज गेली. जनरेटरवर मशीन चालत राहिल्या, एसी मात्र बंद पडले. सिस्टर पुठ्ठे घेऊन वारा घालत धावायला लागल्या. ऊन समोरून काचेवर येत होतं. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली. मी मालकांच्या कपाळाकडं बघत होते. पहिला थेंब फुटला की मागचं सगळं परत सुरू होणार, हे मला माहीत होतं. सिस्टरनं दाब बघितला. थोड्या वेळानं परत बघितला. वीज येत नव्हती. ऊन आणखी खाली उतरून त्यांच्या छातीपर्यंत आलं.

त्या काचेवर बाहेरून लिहिलेलं 'ऊन' अजून होतं. आतून उलटं दिसायचं. रशीदभाई दोनदा पुसायला आले होते, पण उन्हानं शाई काचेला भाजून धरली होती. आता ती निघणार नव्हती. मी हाताची मागची बाजू तिथंच टेकवली. कोमट होती.

मागून मालक म्हणाले, "अगं, चादर टाक की. गार लागतंय."

मी चादर टाकली.